मुका 'के' आणि आपलं 'जाणणं' : इंग्रजी क्रियापदाचं मूळ कसं शोधायचं

प्रौढांच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला मी शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. फळ्यावर के-एन-ओ-डब्ल्यू असं 'नो' हे क्रियापद लिहिलं आणि उत्साहाने सांगून टाकलं, "हा शब्द आपल्या संस्कृत 'ज्ञान'वरून इंग्रजीत गेलाय." वर्गात शिवणकाम करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी हात वर केला. "मॅडम, मग तो तिकडे नेला कोणी? आणि कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वाचलं होतं ते मोबाइलवर फिरत आलेल्या एका संदेशात. घरी येऊन शोधायला बसले तेव्हा कळलं, की शब्द कोणी नेलाच नव्हता. खरी हकिकत वेगळी होती आणि त्या संदेशापेक्षा कितीतरी सुंदर होती. पण तिच्यापर्यंत पोचायला मला बरेच महिने लागले, कारण कोणता कोश कशासाठी उघडायचा, त्यातल्या खुणा कशा वाचायच्या आणि कुठे पाय घसरतो हे सांगणारं कोणी नव्हतं. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

सगळी वाट मी याच एका क्रियापदावर चालून दाखवते. यापुढे 'नो' म्हटलं की मुका 'के' असलेलं, 'जाणणे' या अर्थाचं क्रियापद समजा. 'नाही' म्हणणारा 'नो' वेगळा, त्याच्याशी याचं नातं नाही.

सुरुवातीला हाताशी काय हवं

एक वही, इंटरनेट असलेला मोबाइल आणि पहिल्या क्रियापदासाठी दोन-तीन निवांत संध्याकाळी. पैसे जवळजवळ लागत नाहीत.

इंग्रजीच्या बाजूला डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन व्युत्पत्तिकोश आहे. तो मोफत आहे आणि नवशिक्याला झेपेल असा आहे. त्यापुढे जायचं तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. तिचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. १९८९ ची दुसरी आवृत्ती २० खंडांची आहे. ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी पडते, म्हणून आधी जवळच्या विद्यापीठाच्या किंवा मोठ्या ग्रंथालयात चौकशी करा. जुने छापील खंड कपाटात असतात आणि 'नो'सारख्या जुन्या शब्दाला तेही पुष्कळ होतात. अगदी जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टोलर यांचा अँग्लो-सॅक्सन कोश आणि मधल्या काळासाठी मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश कोश, दोन्ही इंटरनेटवर मोफत आहेत.

आपल्या बाजूला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आणि राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर हे शोधता येतात. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश ग्रंथालयात मिळेल. संस्कृतसाठी मोनियर-विल्यम्स.

एवढी नावं पाहून घाबरू नका. एका वेळी दोनच कोश उघडे ठेवायचे.

पायरी १ : कोश उघडण्याआधी क्रियापदाची रूपं लिहा

नो, न्यू, नोन. वहीत लिहा आणि मोठ्याने म्हणा. आता यांच्यासारखी आणखी आठवतात का पाहा: ब्लो, ब्लू, ब्लोन. ग्रो, ग्रू, ग्रोन. थ्रो, थ्रू, थ्रोन.

शाळेत ही रूपं आपण घोकली, पण ती काय सांगतात ते कोणी सांगितलं नाही. इंग्रजीत ज्या क्रियापदाचा भूतकाळ मागे 'एड' न लावता आतला स्वर बदलून होतो, ते बहुतेक वेळा इंग्रजीचं जुनं, घरचं क्रियापद असतं. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधून शेकडो क्रियापदं आली, त्यांना सहसा 'एड' लागतं. म्हणजे नुसती तीन रूपं पाहून अंदाज बांधता येतो, की 'नो' बाहेरून आलेलं नसावं.

हा अंदाजच आहे, निकाल नाही. 'कॅच'चा भूतकाळ 'कॉट' होतो, तरी 'कॅच' फ्रेंचकडूनच आलेलं आहे. म्हणून वहीत पेन्सिलीने 'बहुधा घरचं' असं लिहा आणि पुढे चला.

पायरी २ : आजचा अर्थ मराठीत फोडून पाहा

ही पायरी सगळेच टाळतात. आपल्याला वाटतं, अर्थ काय, 'माहीत असणे', झालं. पण मराठीत मांडायला गेलं की 'नो'चे चार तुकडे होतात.

मला त्याचा पत्ता *माहीत आहे*. मी तिच्या भावाला *ओळखते*. मला मराठी *येतं*. त्याने गरिबी *पाहिली आहे*.

चारही ठिकाणी इंग्रजीत 'नो' चालतं. आपण चार वेगळी क्रियापदं वापरतो आणि त्यांची कधी गल्लत करत नाही. 'मला तिचा भाऊ येतो' असं लहान मूलही म्हणणार नाही. जर्मनमध्ये वस्तुस्थिती माहीत असण्याला 'विसेन' आणि ओळख असण्याला 'केनेन' म्हणतात. फ्रेंचमध्ये तशीच 'सावुआर' आणि 'कोनेत्र' अशी जोडी आहे. मग इंग्रजीलाच एकावर कसं भागतं?

तर पूर्वी भागत नव्हतं. जुन्या इंग्रजीत 'वितान' असं दुसरं क्रियापद होतं. वस्तुस्थिती माहीत असणं त्याच्याकडे होतं. ओळखणं, पारखणं, वेगळं काढणं हे आजच्या 'नो'च्या पूर्वजाकडे होतं. पुढे 'वितान' मागे पडलं आणि त्याची जागाही 'नो'ने घेतली. त्याचे अवशेष 'विट', 'विटनेस', 'अनविटिंगली' अशा शब्दांत राहिले आहेत. आणि या 'वितान'चं मूळ आपल्या 'विद्'चं मूळ आहे, ज्यापासून विद्या आणि वेद झाले. 'वेद' हे संस्कृतात नुसतं नाम नाही, 'जाणतो' या अर्थाचं क्रियारूपही आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १२९ व्या सूक्तात 'को अद्धा वेद' असं येतं, म्हणजे 'खरोखर कोण जाणतो?'. तिथला 'वेद' आणि जुन्या इंग्रजीतला 'वात', म्हणजे 'तो जाणतो', ही दोन्ही रूपं एकाच साच्यातून निघालेली आहेत.

अर्थ फोडून पाहण्याचा रोजच्या बोलण्यातही उपयोग होतो. आपल्या चुका नेमक्या इथल्याच असतात. 'आय अॅम नोइंग हिम' चूक, कारण जाणणं ही चालू क्रिया नाही, स्थिती आहे. 'आय नो टू स्विम' चूक, मधे 'हाउ' हवं. आणि 'मला काल कळलं' याचं 'आय न्यू यस्टर्डे' होत नाही. 'कळणं' हा क्षण आहे, 'नो' ही त्या क्षणानंतरची अवस्था. कळण्यासाठी 'फाउंड आउट' म्हणा. आपल्याकडे 'केम टू नो' फार चालतं. ते व्याकरणात बसतं, पण इंग्लंडमधल्या माणसाच्या तोंडी रोजच्या बोलण्यात ते क्वचित ऐकू येईल.

पायरी ३ : कोशातली नोंद उलट्या क्रमाने वाचा

व्युत्पत्तिकोशातली नोंद म्हणजे एक साखळी असते. आजचं रूप, त्याआधीचं, त्याहून आधीचं. 'नो'ची साखळी अशी: मधल्या काळातल्या इंग्रजीत 'क्नोवन', जुन्या इंग्रजीत 'क्नावान', भूतकाळ 'क्नेओव'. त्यामागे जर्मानिक भाषांचं, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या कुळाचं, सामायिक रूप आणि त्याच्याही मागे 'ग्नो'सारखा एक धातू, अर्थ 'जाणणे'.

शेवटच्या दोन रूपांच्या डोक्यावर बारीक तारा असतो. तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. तारा म्हणजे हे रूप कुठल्याही शिलालेखात, पोथीत किंवा कागदावर सापडलेलं नाही. बहिणी-बहिणींचे चेहरे पाहून आईचा चेहरा कसा असेल हे अभ्यासकांनी काढलेलं आहे. विनातारा रूप म्हणजे पुरावा, ताऱ्याचं रूप म्हणजे अनुमान. वहीत उतरवताना ताराही उतरवा. मी सुरुवातीला तारे गाळत होते आणि मग सापडलेलं कोणतं आणि काढलेलं कोणतं हे मलाच उलगडेना. सगळी टिपणं पुन्हा करावी लागली.

कालखंड ढोबळमानाने लक्षात ठेवा. जुनी इंग्रजी साधारण ११०० पर्यंत, मधली १५०० पर्यंत, त्यापुढे आधुनिक.

आणखी एक बारकावा. जुन्या इंग्रजीत नुसतं 'क्नावान' कमी येतं. बहुतेक वेळा ते उपसर्ग लावून येतं. त्यामुळे बॉसवर्थ-टोलरमध्ये नुसत्या रूपाची नोंद छोटी दिसली तर निराश होऊ नका, 'ऑन' आणि 'गे' हे उपसर्ग लावून शोधा. आपल्याकडे 'ज्ञा' जसा प्रज्ञा, संज्ञा, आज्ञा, अवज्ञा, अनुज्ञा असा उपसर्गांच्या सोबतीने वावरतो, तसंच.

पायरी ४ : मुक्या अक्षराला बोलतं करा

'नो'मधला 'के' उच्चारत नाहीत, मग लिहायचा कशाला, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. शिक्षक बहुधा 'सायलेंट आहे, पाठ करा' म्हणून पुढे जातात. मी त्यावर थांबायला लागले तेव्हापासून वर्गाचं लक्ष बदललं.

तो 'के' एकेकाळी बोलला जात होता. 'क्नो', 'क्नी' म्हणजे गुडघा, 'क्नाइफ' म्हणजे सुरी. जुन्या इंग्रजीत त्या जागी 'सी' लिहीत आणि उच्चार 'क' करीत. नॉर्मन काळानंतरच्या लेखनिकांनी 'सी'च्या जागी 'के' लिहायला सुरुवात केली. उच्चारातून हा 'क' गेला तो १७ व्या शतकाच्या अखेरीस आणि १८ व्याच्या सुरुवातीस. तोवर छापखान्यांनी स्पेलिंग पक्कं करून टाकलं होतं. बोली पुढे गेली, स्पेलिंग मागे राहिलं.

जर्मन माणूस आजही गुडघ्याला 'क्नी' म्हणतो, 'क' स्पष्ट उच्चारून. मोबाइलवर जर्मन उच्चार ऐकवणारा कोश उघडा आणि हा शब्द एकदा कानांनी ऐका. मी वर्गात तो ऐकवते. ऐकल्यावर 'के' पाठ करावा लागत नाही.

मूळ शोधणाऱ्याला मुकी अक्षरं म्हणजे घबाड आहे. तो 'के' स्पेलिंगमधून कोणी 'सुधारून' काढून टाकला असता, तर पुढची पायरी आपल्याला दिसलीच नसती.

पण एक मुकं अक्षर खोटंही निघतं. 'कुड'मधला 'एल'. तो कधीच बोलला गेला नव्हता. 'वुड' आणि 'शुड' यांच्यात 'एल' खरा आहे, कारण ते 'विल' आणि 'शाल'पासून आलेत. त्यांच्या जोडीला बसवायला 'कुड'मध्येही तो घुसवला गेला. म्हणून प्रत्येक मुक्या अक्षरासाठी जुन्या रूपांत जाऊन ते तिथे आहे का, हे तपासायचं.

पायरी ५ : बहिणी शेजारी बसवा

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येते. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, हिला घाई करू नका.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीसमोर न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे, की त्या कुठल्यातरी एका सामायिक उगमातून निघाल्या असल्या पाहिजेत, आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वात नसेल. 'संस्कृतपासून निघाल्या' असं ते म्हणाले नाहीत. आपल्याकडे फिरणाऱ्या संदेशांत नेमकं हेच वाक्य बदललेलं असतं.

इंग्रजी ही त्याच घराण्यातली, जर्मानिक शाखेतली. म्हणजे 'नो' आणि 'ज्ञा' या एकमेकींच्या आई-मुली नाहीत, लांबच्या बहिणी आहेत. शब्द कोणी नेला नाही. दोघींनी आपापल्या घरी तो आधीपासून जपला होता.

हे सिद्ध कसं करायचं? 'दिसायला सारखे आहेत' हा पुरावा धरायचा नाही. पुरावा म्हणजे नियमित फरक. 'नो' आणि 'ज्ञा' सारखे दिसतच नाहीत. एकीकडे 'क', दुसरीकडे 'ज'. मग आणखी जोड्या शोधा, जिथे इंग्रजीत 'क' असेल तिथे संस्कृतात 'ज' आहे का:

क्नो — ज्ञा, लॅटिनमध्ये ग्नोस्को
क्नी — जानु, लॅटिनमध्ये गेनु
किन (नातलग, कुळ) — जन, लॅटिनमध्ये गेनुस

तीनही ठिकाणी तोच फरक. इंग्रजीत क, संस्कृतात ज, लॅटिनमध्ये ग. 'जानु' हा शब्द आपण रोज वापरत नाही, आपला 'गुडघा' आहे. पण 'आजानुबाहू' म्हणतो ना, ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात असा, त्यात तो शाबूत आहे.

जर्मानिक भाषांत मूळचा 'ग' सरकून 'क' झाला, 'द' सरकून 'त' झाला, 'प' सरकून 'फ' झाला. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हा नियम मांडला, त्याच्या आधी डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनीही तो टिपला होता. 'द'चा 'त' तर आपल्या रोजच्या मराठीतही तपासता येतो: दोन आणि टू, दहा आणि टेन, दात आणि टूथ. 'प'चा 'फ' पाहायचा तर पितृ आणि फादर, पद आणि फूट.

वर्गात हे फळ्यावर लिहिते तेव्हा लोक स्वतःहून बोटं मोजायला लागतात. तुम्हीही वहीत एक पान या जोड्यांसाठी ठेवा. किमान तीन जोड्या जुळल्याशिवाय नातं पक्कं मानू नका. एकटी जोडी योगायोग असू शकते.

पायरी ६ : आपल्या बाजूने खाली उतरा

बरेचजण संस्कृतपर्यंत पोचले की थांबतात. मला ते पटत नाही. आपण मराठी बोलतो, तर साखळी आपल्या तोंडातल्या शब्दापर्यंत आणली पाहिजे.

संस्कृत 'ज्ञा' धातूचं वर्तमानकाळी रूप 'जानाति'. प्राकृतात 'जाणइ'. मराठीत 'जाणे', आणि पुढे प्रत्यय लागून 'जाणतो'. टर्नरच्या कोशात 'जानाति' शोधा. एकाच नोंदीत हिंदी, गुजराती, बंगाली, मराठी अशी सगळी भावंडं रांगेत भेटतात.

आता 'देव जाणे' म्हणा. 'कोण जाणे' म्हणा. इथे 'जाणतो' का म्हणत नाही आपण? कारण ही वाक्यं जुनी आहेत आणि त्यांत प्राकृत 'जाणइ'चं थेट उतरलेलं रूप गोठून राहिलं आहे. आणि इंग्रजीत 'देव जाणे'ला 'गॉड नोज', 'कोण जाणे'ला 'हू नोज'. दुसऱ्या जोडीत तर दोन्ही शब्द नात्यातले आहेत, कारण 'कोण'मधला 'क' आणि 'हू' हेही एकाच प्रश्नार्थक मुळाचे. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मी वही मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

जुन्या मराठीत आणखी एक गोष्ट आहे: 'नेणणे'. न आणि जाण एकत्र मिसळून झालेलं, न जाणण्याचं स्वतंत्र क्रियापद. संतांच्या अभंगांत 'नेणे', 'नेणता' पावलोपावली येतं. आज 'जाणतानेणता'सारख्या जोडशब्दात ते उरलं आहे. जुन्या इंग्रजीनेही हेच केलं होतं. 'वितान'ला नकार जोडून 'नितान', म्हणजे माहीत नसणं. दोन्ही भाषांना अज्ञानासाठी एक सबंध क्रियापद हवंसं वाटलं आणि दोन्हींनी ते पुढे सोडून दिलं.

वहीत या धातूचं मराठी गोत लिहून काढा: जाण, जाणीव, जाणकार, जाणवणे, सुजाण, अजाण, जाणूनबुजून. समर्थांनी शिवरायांना म्हटलेला 'जाणता राजा'. शपथ या अर्थाची 'आण' सुद्धा, ती 'आज्ञा'पासून प्राकृत 'आणा' या वाटेने आलेली आहे. 'तुला माझी आण आहे' म्हणताना आपण याच धातूचा एक झिजलेला तुकडा वापरत असतो.

पायरी ७ : इंग्रजी घरातली इतर माणसं

थोडक्यात सांगते, कारण इथून पुढे तुम्हाला स्वतःला मजा येईल.

'कॅन' हे याच घरचं. 'आय कॅन स्विम' म्हणजे मुळात 'मला पोहायचं कसं ते माहीत आहे'. आपण 'मला पोहता येतं' म्हणतो आणि मराठी 'येतं' म्हणतानाही तेच 'येतं' वापरतो, हे आठवा. 'कनिंग' म्हणजे आधी फक्त 'जाणकार', लबाडीचा वास नंतर आला. 'अनकूथ' म्हणजे आधी 'अनोळखी', पुढे विचित्र आणि मग आडदांड. स्कॉटलंडमध्ये आजही 'नो'च्या जागी 'केन' ऐकू येतं.

काही माणसं लॅटिन आणि ग्रीकमार्गे मागाहून घरात आली. त्यांच्यात 'ग' दिसतो, कारण तिथे 'ग'चा 'क' झालाच नव्हता: इग्नोअर, कॉग्निशन, रेकग्नाइज, डायग्नोसिस. 'अॅग्नॉस्टिक' हा शब्द तर टॉमस हेन्री हक्स्ली यांनी १८६९ मध्ये घडवला. एकाच मुळाचा शब्द इंग्रजीत 'क' घेऊन आला असेल तर घरचा, 'ग' घेऊन आला असेल तर पाहुणा, ही खूण या कुटुंबापुरती चांगली चालते.

पायरी ८ : नक्की घसरण्याच्या जागा

*सारखं दिसतं म्हणून नातं.* इंग्रजी 'बॅड' आणि फारसी 'बद' हे दोन्ही 'वाईट' या अर्थाचे, आणि फारसीतला आपल्या 'बदनाम', 'बदफैली'त आलेला. तरी त्यांचं नातं नाही. इंग्रजी 'हॅव' आणि लॅटिन 'हाबेरे', दोन्हींचा अर्थ 'जवळ असणे', तरीही नातं नाही. ग्रिमच्या त्याच नियमात जर्मानिक भाषांत मूळचा 'क' सरकून 'ह' झाला, म्हणून इंग्रजी 'ह'च्या समोर लॅटिनमध्ये 'क' हवा, 'ह' नको.

*आजच्या उच्चारावर विसंबणं.* 'ज्ञ' आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीत 'ग्य' म्हणतात. हिंदीतलं 'ग्यान' ऐकून ग्रीक 'ग्नोसिस'शी जोडायचा मोह होतो, 'बघा, दोघांत ग आहे!' नातं आहे, पण ते या 'ग'मुळे नाही. हिंदीतला 'ग' नंतरचा आहे. मूळ जोडाक्षर ज आणि ञ यांचं आहे, आणि तुलना त्याच 'ज'ची करायची.

*अक्षर दिसलं की धातू दिसला असं मानणं.* 'यज्ञ'मध्ये 'ज्ञ' आहे, पण तो 'यज्' धातूला 'न' लागून झाला आहे. 'राज्ञी'मधला 'राजन्'चा आहे. जाणण्याशी दोन्हींचा संबंध नाही. यज्ञाचा अर्थ 'ज्ञान' या मुळावरून सांगणारी भाषणं मी ऐकली आहेत आणि मान हलवलेलीही आहे.

*मूळ अर्थ तोच खरा अर्थ असं धरणं.* 'कनिंग' मुळात जाणकार होता म्हणून आज कोणाला कौतुकाने 'कनिंग' म्हणू नका, तो दुखावेल. शब्दाचा आजचा अर्थ आजचे बोलणारे ठरवतात.

*भाषांतरातून आलेला अर्थ मुळाला चिकटवणं.* १६११ च्या इंग्रजी बायबलात 'आदमने हव्वेला जाणलं' अशा अर्थाचं वाक्य आहे, तिथे 'नो' म्हणजे शरीरसंबंध. तो अर्थ हिब्रू क्रियापदाच्या शब्दशः भाषांतरातून आला आहे, 'क्नावान'च्या मुळातून नाही.

पायरी ९ : एका पानात नोंद करा

शोध संपला की त्याच दिवशी लिहून टाका. माझ्या वहीतली 'नो'ची नोंद अशी आहे:

क्रियापद: नो, न्यू, नोन. घरचं.
आजचे अर्थ: माहीत असणे, ओळखणे, येणे, अनुभवलेले असणे.
सापडलेली जुनी रूपं: क्नोवन, क्नावान.
अनुमानित मूळ: ताऱ्यासह, 'ग्नो'सारखं, अर्थ जाणणे.
बहिणी: ज्ञा / जानाति, ग्रीक ग्नोसिस, लॅटिन ग्नोस्को.
नियम: इंग्रजी क, संस्कृत ज. साक्षीदार: क्नी-जानु, किन-जन.
मराठी: जाणणे, नेणणे, आण.
सोडून दिलेलं: यज्ञ, राज्ञी.
पाहिलेले कोश आणि तारीख.

'सोडून दिलेलं' ही ओळ जरूर ठेवा. सहा महिन्यांनी तीच चूक पुन्हा मोहात पाडते, तेव्हा ती ओळ वाचवते.

पुढचं क्रियापद

त्या ताईंना मी दोन आठवड्यांनी वर्गात सगळं सांगितलं, आधी शिकवलेलं चूक होतं हेही सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "मग शिवण्याचा इंग्रजी शब्द पण आपल्या नात्यातला आहे का?"

तुम्ही तिथूनच सुरुवात करा. शब्द आहे 'सो', स्पेलिंग एस-ई-डब्ल्यू, 'फ्यू'सारखं दिसतं पण उच्चार 'सो'. बी पेरायचा 'सो' वेगळा, स्पेलिंगमध्ये 'ओ' असलेला, त्यात गुंतू नका. संस्कृतात 'सिव्' धातू पाहा, 'सीव्यति' हे रूप शोधा. लॅटिनच्या बाजूला डॉक्टर जखमेला टाके घालतात तो 'स्यूचर' ठेवा. मराठीत उतरताना 'स'चा 'श' का झाला हा प्रश्न पडेल, तेव्हा 'सीमा' या शब्दाचं मराठीत काय झालं ते पाहा. गावाची शीव. मुंबईत लोकल जिथे थांबते ते शीवही तेच. त्या एका जोडीवरून तुमचं 'शिवणे' आपसूक जागेवर बसेल.